सीसॅटचे उतारे वाचून होतात, तरी उत्तरं का चुकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेची ही दुसरी खेप, शिक्षण कला शाखेतलं, गणिताची धास्ती, म्हणून सीसॅटची, म्हणजे आकलन, बुद्धिमत्ता आणि अंकगणित तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरची, सगळी भिस्त उताऱ्यांवर. सराव पेपरात 60 प्रश्न सोडवले, त्यातले 33 बरोबर आले, 27 चुकले आणि पात्रतेची रेषा अर्ध्या गुणापेक्षाही कमी फरकाने हुकली. अभ्यासिकेतले मित्र म्हणतात वाचनाचा वेग वाढव. कोणी सांगतं आधी प्रश्न वाच, कोणी सांगतं आधी उतारा. नेमकं काय करावं?

मी पुण्यात बरीच वर्षं हाच भाग शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, वेग ही तुमची मुख्य अडचण आहे असं मला वाटत नाही. ज्याला वेग कमी पडतो त्याचे प्रश्न राहून जातात. तुमचे राहिलेले नाहीत, चुकलेले आहेत. 80 पैकी 60 प्रश्नांपर्यंत पोचणं पुरेसं आहे. वेग आणखी वाढवलात तर 66 प्रश्न सोडवाल आणि 30 चुकवाल. तुमची खरी अडचण ही की उतारा वाचल्यावर तुम्ही जे उत्तर निवडता ते उताऱ्यातलं आहे की तुमच्या मनातलं, हे तुम्हाला त्या क्षणी कळत नाही.

हे पटवून देण्यासाठी आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. दुसरा पेपर 200 गुणांचा, 80 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला अडीच गुण. चुकीच्या उत्तराला त्याच्या पाव, म्हणजे 0.625 गुण वजा. हा पेपर आता फक्त पात्रतेपुरता आहे, 33 टक्के, म्हणजे 66 गुण. तुमचे 33 बरोबर म्हणजे 82.5, त्यातून 27 चुकांचे 16.875 गेले, उरले 65.625. त्या 27 पैकी एक, फक्त एक प्रश्न कोरा सोडला असता तरी 66.25 झाले असते. आता दुसरी मुलगी धरा. तिने 33 च प्रश्न सोडवले, 28 बरोबर, 5 चूक. तिचे होतात 66.875. तुमच्यापेक्षा पाच उत्तरं कमी बरोबर, तरी ती आत आणि तुम्ही बाहेर. 33 प्रश्नांवर थांबा असं माझं मुळीच म्हणणं नाही, तेवढ्यावर पेपर ठेवणं धोक्याचं आहे. पण तुमची मेहनत कुठे गळते आहे ते यातून दिसतं.

मी तुमचा पेपर पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं एका तपासणीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हीच करायची आहे. तोच पेपर काढा. चुकलेले उताऱ्यांवरचे प्रश्न, उत्तरतालिका न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. ज्यांचं उत्तर आता बरोबर आलं ते घाईने गेले होते. जे आत्ताही चुकले, त्यांच्यापुढे कारण लिहा. माझ्या अनुभवात कारणं चारच निघतात: बाहेरची माहिती वापरली, उताऱ्यापेक्षा जास्त बोलणारा पर्याय निवडला, प्रश्नच चुकीचा वाचला, किंवा उताराच कळला नाही. या चारांतलं फक्त शेवटचं कारण वाचनाच्या कुवतीशी संबंधित आहे. बहुतेक चुका त्यात येत असतील तर खाली लिहिलेल्या युक्त्यांचा फारसा उपयोग होणार नाही, तुम्हाला काही महिने रोज नीट वाचन करावं लागेल. पण 33 बरोबर आणणारीचं तसं सहसा नसतं.

पहिली दोन कारणं सर्वांत जास्त गुण खातात, म्हणून तिथे थांबू. वर्गात सरावासाठी मी लिहिलेला एक छोटा उतारा देते. आयोगाचे उतारे याहून लांब असतात, पण घडण अशीच असते.

"ठिबक सिंचनामुळे पिकाला लागणारे पाणी थेट मुळांशी पोचते आणि बाष्पीभवनाने होणारा अपव्यय कमी होतो. म्हणूनच ठिबक म्हणजे पाण्याची बचत असे समीकरण रूढ झाले आहे. मात्र शेताच्या पातळीवर वाचलेले पाणी भूजलात शिल्लक राहतेच असे नाही. अनेक ठिकाणी वाचलेल्या पाण्यावर शेतकरी अधिक क्षेत्र भिजवतात किंवा अधिक पाणी लागणाऱ्या पिकांकडे वळतात. परिणामी उपसा पूर्वीइतकाच राहतो, काही ठिकाणी वाढतोही. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या प्रसाराला उपशाच्या नियमनाची जोड नसेल, तर बचतीचा दावा तपासून पाहावा लागेल."

प्रश्न: वरील उताऱ्यावरून खालीलपैकी कोणते विधान योग्य ठरते?
1) ठिबक सिंचनामुळे भूजल पातळी खालावते.
2) शेतात पाण्याची बचत झाली तरी भूजलाचा उपसा कमी होईलच असे नाही.
3) ठिबकच्या प्रसाराऐवजी शासनाने उपशाच्या नियमनावर भर द्यावा.
4) ऊस ठिबकवर घेतल्यास पाण्याची लक्षणीय बचत होते.

उत्तर 2 आहे हे आत्ता शांतपणे वाचताना दिसतं. पण परीक्षेत याचे गुण कसे जातात ते पाहा. शेतकरी घरातली मुलं चौथ्या पर्यायावर जातात. त्यांच्या शिवारात ठिबकवरचा ऊस उभा असतो, पाटाने दिलेल्या पाण्याच्या तुलनेत ठिबकला किती कमी लागतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. विधान खोटं नाहीच. पण उताऱ्यात ऊस हा शब्द कुठे आहे? नाही. मग ते या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना हा धोका जास्त. सामान्य अध्ययनाचा भरपूर अभ्यास केलेली मुलं अर्थव्यवस्था आणि पर्यावरणाच्या उताऱ्यांत गुण घालवतात आणि तत्त्वज्ञानाच्या अनोळखी उताऱ्यात पाचही बरोबर आणतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. अनोळखी उताऱ्यात त्यांच्याकडे उताऱ्याशिवाय आधारच नसतो.

पहिला पर्याय जास्त फसवा आहे. उतारा म्हणतो की उपसा 'काही ठिकाणी वाढतोही'. पर्याय म्हणतो की ठिबकमुळे पातळी खालावते. 'काही ठिकाणी' गळालं, उपशाच्या जागी पातळी आली, आणि शेतकऱ्यांच्या पीकनिवडीतून होणाऱ्या परिणामाचं खापर थेट ठिबकवर फुटलं. दिशा तीच, पण दावा कितीतरी मोठा. तिसऱ्यात एकच शब्द बदलला आहे: उताऱ्यात 'जोड' आहे, पर्यायात 'ऐवजी'. लेखकाला दोन्ही हवंय, पर्याय एक काढून टाकतो. घाईत वाचणाऱ्याला नियमन हा शब्द ओळखीचा दिसतो आणि तो उत्तरपत्रिकेतला गोळा भरून मोकळा होतो.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी वर्गात अगदी कंटाळा येईपर्यंत बोलते: गोळा भरण्याआधी उताऱ्यातल्या ज्या ओळीमुळे हे उत्तर आलं तिच्यावर बोट ठेवा. खरोखर बोट ठेवा. ओळ सापडत नसेल तर ते तुमचं मत आहे. निष्कर्ष विचारला असेल तर एका ओळीऐवजी दोन ओळी जोडाव्या लागतील, पण त्या दोन्ही उताऱ्यातल्याच हव्यात. सुरुवातीला याला वेळ लागतो, पंधरा-वीस उताऱ्यांनंतर नजर आपोआप त्या ओळीकडे जायला लागते.

पर्यायांत 'फक्त', 'सर्व', 'नेहमी', 'कधीही नाही', 'एकमेव' असे शब्द आले की दुप्पट सावध व्हा, पण ते दिसले म्हणून पर्याय डोळे झाकून कापू नका. उतारा स्वतःच ठाम बोलत असेल तर ठाम पर्याय बरोबर असतो. 'असे शब्द आले की उत्तर चूक' हा क्लासमधून पसरलेला नियम मला अजिबात मान्य नाही.

आता आधी प्रश्न की आधी उतारा. मी असं सांगते: आधी प्रश्नांची फक्त विचारणा वाचा, पर्याय नाही. पाच प्रश्नांना अर्धा मिनिट पुरतं. त्यातून कळतं की मध्यवर्ती कल्पना विचारली आहे, लेखकाचा सूर विचारला आहे, की एखादी संज्ञा किंवा आकडा शोधायचा आहे. मग उतारा एकदाच, सलग, नीट वाचा. पर्याय आधी वाचू नका, कारण चारांतले तीन चुकीचे असतात आणि ती चुकीची विधानं डोक्यात घेऊन तुम्ही उतारा वाचायला बसता. मग प्रत्येक वाक्यात त्यांचा पुरावा दिसू लागतो. अर्थात लांबलचक, आकड्यांनी भरलेला उतारा असेल आणि पाचही प्रश्न माहिती शोधण्याचे असतील तर थेट प्रश्नागणिक शोधत गेलात तरी चालेल. तसे उतारे तुलनेने थोडे.

वाचताना पेन हातात असू द्या, पण खाली रेघा ओढत सुटू नका. 'मात्र', 'परंतु', 'तथापि', 'परिणामी', 'म्हणूनच' यांना गोल करा. वरच्या उताऱ्यात 'मात्र' च्या आधीची दोन वाक्यं रूढ समजुतीची आहेत, लेखकाचं म्हणणं त्यानंतर सुरू होतं. मध्यवर्ती कल्पनेचा प्रश्न चुकतो तो बहुतेकदा पहिल्या परिच्छेदातली समजूत लेखकाच्या नावावर टाकल्यामुळे. परिच्छेद संपला की दोन-तीन शब्दांत मनाशी सांगा: 'बचत होते', 'पण भूजल वाचत नाही', 'नियमन हवं'. बास. पाच प्रश्नांसाठी पुन्हा सगळा उतारा वाचावा लागत नाही, कुठे परत जायचं ते कळतं. तुमचा वेळ खरं तर या पुनर्वाचनात जात असणार.

तिसरं कारण, प्रश्न चुकीचा वाचणं. 'अयोग्य विधान ओळखा', 'खालीलपैकी कोणते उताऱ्यात आलेले नाही' असं विचारलेलं असतं आणि पहिलं योग्य विधान दिसताच आपण खूश होतो. नकार दिसला की त्याच्याभोवती चौकोन काढा आणि पर्यायांपुढे बरोबर-चूक अशा खुणा करा. विधानं अ, ब, क दिलेली असतील तर आधी तिघांचा निकाल लावा, मग खालच्या जोड्या बघा. यावर अधिक सांगण्यासारखं काही नाही, ही निव्वळ सवय आहे.

भाषेबद्दल मात्र सांगायला हवं, कारण मराठी माध्यमातल्या मुलांचं इथे नाहक नुकसान होतं. बहुतेक उतारे दोन्ही भाषांत छापलेले असतात आणि मराठी मजकूर कधी कधी इतका अवघड होतो की कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे ते कळत नाही. अशा वाक्यावर डोकं आपटत बसू नका. त्याच जागेचं इंग्रजी वाक्य बघा, तेवढंच, आणि परत मराठीत या. तुमचं इंग्रजी बेताचं असलं तरी एका वाक्यापुरतं पुरतं. अख्खा उतारा दोन्ही भाषांत वाचणं म्हणजे वेळेची नासाडी. याशिवाय भाषेचं आकलन तपासणारे मराठी आणि इंग्रजी उतारे असतात, त्यांना भाषांतर दिलेलं नसतं. अभ्यासक्रमानुसार त्यांची पातळी दहावी-बारावीची आहे. मराठीचा उतारा हक्काचा समजून लवकर घ्या. इंग्रजीचा न बघताच सोडून देणारी मुलं मला दर वर्षी भेटतात, त्याचं वाईट वाटतं, कारण तो उतारा पुष्कळदा भाषांतरित उताऱ्यांपेक्षा सोपा निघतो.

वेळेची विभागणी प्रत्येकाची वेगळी. अभियांत्रिकीच्या मुलाने गणित-बुद्धिमत्तेपासून सुरुवात करावी, तुम्ही करू नये. उताऱ्यांचे प्रश्न साधारण पन्नासच्या आसपास असतात, एका उताऱ्यावर बहुधा पाच. तुमच्यासाठी मी असं मांडेन: 120 मिनिटांतली पहिली 70 उताऱ्यांना, एका उताऱ्याला आठ-साडेआठ मिनिटं, म्हणजे आठ उतारे. दोन उतारे मुद्दाम मागे ठेवायचे. कोणते, ते पहिल्या चार ओळी वाचून ठरवा: वाक्यं लांब आणि अमूर्त, पर्यायही दोन-दोन ओळींचे, तर तो मागे. मग निर्णयक्षमतेचे प्रश्न (एखाद्या प्रसंगात तुम्ही काय कराल असं विचारणारे), सगळेच्या सगळे, कारण त्यांना नकारात्मक गुण नाहीत, ते कोरे सोडण्याला काहीच अर्थ नाही. मग 30-35 मिनिटं बुद्धिमत्ता आणि अंकगणितातले जे ओळखीचे वाटतील ते. शतमान, सरासरी, दिशा, नातेसंबंध, बैठकव्यवस्था इतकं पक्कं केलंत तरी दहा-बारा प्रश्न हाती लागतात आणि उताऱ्यांवरचा ताण उतरतो. उरलेल्या वेळात मागे ठेवलेल्यांपैकी एक उतारा.

गोळे प्रत्येक उताऱ्यानंतर लगेच भरा, पाचाच्या गटाने. शेवटी एकदम भरू म्हणणाऱ्याचा एक प्रश्न सोडलेला असतो आणि तिथून पुढचे सगळे गोळे एकाने सरकतात. सोडलेल्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेत मोठं वर्तुळ करा.

अंदाजाने उत्तर द्यावं का? दोन पर्याय आधारासह कापता आले तर द्या. अशा चार प्रश्नांत दोन बरोबर, दोन चूक आले तरी 5 मधून 1.25 जाऊन 3.75 हातात पडतात. एकच पर्याय कापता आला तर तुमच्या त्या क्षणाच्या स्थितीवर ठरवा: आतापर्यंतची चाळीसेक उत्तरं खात्रीची असतील तर सोडून द्या, कमी असतील तर घ्या. काहीच कापता आलं नाही तर उताऱ्यावरचा प्रश्न कोराच ठेवा. कोणी हिशेब मांडून दाखवेल की पाव गुण वजा होताना चारांत एक बरोबर आला तरी थोडा फायदाच आहे. हिशेब बरोबर आहे, पण तो डोळे मिटून गोळा भरणाऱ्याला लागू आहे. उताऱ्याचे चुकीचे पर्याय आकर्षक दिसावेत म्हणूनच लिहिलेले असतात. अर्धवट कळलेल्या उताऱ्यात आपला हात चारांतल्या कुठल्याही पर्यायावर सारखा पडत नाही, तो फसव्या पर्यायाकडेच ओढला जातो. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची असेल तर तिथे एक तृतीयांश गुण वजा होतात आणि उतारे मराठीत नसतात, हेही लक्षात ठेवा. तिथे हा नियम आणखी कडक करा.

सराव कशावर करायचा? आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर. 2013 पासून सीसॅट आहे, म्हणजे साठा भरपूर आहे. खासगी सराव पेपर वेळेच्या सरावाला ठीक, पण त्यांतली कित्येक उत्तरं वादाची असतात आणि चुकीच्या उत्तरावर डोकं तासून घेतलं की पद्धत बिघडते. जुन्या पेपरला अंतिम उत्तरतालिकाच वापरा, पहिली नको, हरकतींनंतर काही उत्तरं बदललेली असतात. रोज दोन उतारे पुरेत, वेळ लावून, आणि सोडवल्यावर तितकाच वेळ विश्लेषणाला. बरोबर आलेल्यांचंही करा: कोणत्या ओळीमुळे आलं? ओळ सांगता आली नाही तर तो प्रश्न वहीत चुकलेल्यांतच धरा. आठवड्यातून एकदा पूर्ण पेपर, शक्यतो दुपारी, कारण परीक्षेत हा पेपर सामान्य अध्ययनानंतर दुपारच्या सत्रातच असतो आणि जेवणानंतरच्या त्या वेळी बहुतेकांचं वाचन मंदावतं.

रोजचं वर्तमानपत्र तुम्ही चालू घडामोडींसाठी वाचताच. त्यातला एक अग्रलेख असा वाचा की शेवटी एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे: लेखकाला काय म्हणायचं आहे, आणि कशाच्या जोरावर. तुम्हाला तो पटला का, हे लिहायचं नाही. सुरुवातीला हेच सर्वांत जड जातं.

आधी ती तपासणी करा आणि चार कारणांत तुमच्या चुका कशा विभागल्या जातात ते कळवा. 'बाहेरची माहिती' आणि 'जास्त बोलणारा पर्याय' यांतच निम्म्याहून अधिक निघाल्या तर पुढचे तीन आठवडे नवीन काही सोडवू नका. जुनेच उतारे घ्या आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो नेमका कुठे उताऱ्याबाहेर गेला ते चार शब्दांत लिहा.

आणि परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या वेळात केंद्राबाहेर पहिल्या पेपरची उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यात उभ्या राहू नका. डबा खा, जमलं तर वीस मिनिटं डोळे मिटा, आणि घरून आणलेला एक सोपा, आधी सोडवलेला उतारा एकदा सावकाश वाचा, म्हणजे पहिल्या उताऱ्याला बसताना वाचनाची लय लागलेली असेल.